पेन्सिल पुसायचं काम

"तेवढं एक पान द्या, काका," संपादक म्हणाला. "प्रदर्शनात मधोमध लावू. वज्रपंखाची जुनी पानं खूप जमलीत, पण साहेबांच्या पेन्सिलीचं एकही नाही."

साहेब म्हणजे चित्रकार. गुडघ्यांत काठी धरून ते आमच्या स्वयंपाकघरात बसले होते. ही, म्हणजे माझी बायको, ज्या खुर्चीवर बसून शाई भरायची, नेमके तिच्यावर. मी उठवलं नाही.

चित्रकथांमधला वज्रपंख कुणाला माहीत नाही? म्हातारे झालेले लोकसुद्धा त्याचं नाव काढलं की हात पसरून उडायची नक्कल करतात. त्याला कागदावर आणला साहेबांनी, हे खरं. ते पेन्सिलीनं काढायचे, मग पान आमच्या घरी यायचं. ही त्यावर ब्रशनं शाई चढवायची. शाई वाळली की पेन्सिल पुसायची, नाहीतर छपाईत डाग उमटतात. ते काम माझं. पंप दुरुस्त करून मी घरी आलो की ही दारातच ओरडायची, "आधी कोपरापर्यंत हात धुवा! मागच्या वेळी वज्रपंखाच्या थोबाडाला ग्रीस फासलं होतंत." मग मी पुसत बसायचो. पेन्सिल गेली की हिची रेघ एकटी उठून दिसायची.

एकाही अंकावर हिचं नाव आलं नाही. मी चिडलो की म्हणायची, "जाऊ द्या हो. चादर कशी उडतेय ते बघा." त्याच्या केपला ती चादर म्हणायची.

ही गेली त्या आठवड्यात एका पेपरवाल्यानं साहेबांना हिच्याबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, "त्या नुसतं गिरवायच्या." मी ते वाचलं आणि पेपरची घडी घातली. तेव्हापासून हा माणूस माझ्या दारात कधी येतो, याची वाट बघत होतो.

हे पान अर्धंच राहिलं होतं. वज्रपंख छातीपर्यंत शाईत, खाली सगळा पेन्सिलीत. ब्रश धरवेना, तेव्हा हिनं ते बाजूला ठेवलं होतं.

मी पान आणून टेबलावर ठेवलं. साहेब पुढे वाकले. त्यांचे डोळे भरून आले.

"ही बघ, ही माझी रेघ," ते संपादकाला म्हणाले. "बाकी सगळीकडची पुसली गेली."

"मीच पुसली," मी म्हणालो आणि खोडरबर काढला.

"काका, काय करताय?"

"नेहमीचं काम. शाई झालीय, आता पेन्सिल पुसायची."

पाय गेले. पट्टा गेला. संपादकानं माझं मनगट धरायला हात पुढे केला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा त्यानं तो मागे घेतला.

"अहो, नका हो," साहेब म्हणाले. "माझ्या हातचं दुसरं काही उरलेलं नाही."

"हिच्या हातचं आहे ना सगळीकडे. पण नाव कुठंय?"

ते खुर्चीत मागे सरकले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. हात जोरात चालायला लागला. खालच्या इमारती पुसल्या आणि केपकडे वळलो. तीही निम्मीअधिक गेली.

"थांबा!" साहेबांचा आवाज बदलला होता. "माझं काय ते पुसा. पण त्या फुल्या माझ्या नाहीत."

केपवर पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या.

"जिथे सगळं काळं भरायचं, तिथे बाई आधी फुल्या मारून ठेवायच्या. कुठे काळं आणि कुठे पांढरं, ते त्याच ठरवायच्या. मला ते कधी जमलंच नाही."

मी त्या फुल्या कधी पाहिल्या नव्हत्या. पान माझ्या हाती यायचं, तेव्हा त्यांच्यावर काळं चढलेलं असायचं.

"हे पेपरात का नाही सांगितलंत?"

साहेबांनी काठी जमिनीवर टेकवली.

"बाईंचं नाव मोठ्या अक्षरांत टाकतो, काका," संपादक म्हणाला.

"टाका. पान मिळणार नाही."

साहेबांना उठायला वेळ लागला. मी हात दिला नाही.

ते गेल्यावर पान खिडकीपाशी नेलं. केपच्या टोकाला तीन फुल्या राहिल्यात. बाकी किती होत्या, माहीत नाही. कागद तिरका धरला की पुसलेल्या पेन्सिलीचा दाब दिसतो. पण त्यातला साहेबांचा कुठला आणि हिचा कुठला, ते मला ओळखता येत नाही.