सिस्टरांच्या कपाटातली करवत

मित्रांनो, लोक मला चेनसॉ म्हणतात. तुम्ही साखळीची करवत म्हणा, तेही चालेल. मी बॅटरीवर चालणारी, वीतभराहून थोड्या मोठ्या पात्याची आणि आता बरीच जुनी आहे. जिन्याखालच्या कपाटात एका खोक्यात मी पडून असते. माझी हकिगत फार मोठी नाही. पण ती ऐकायला इथे दुसरे कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

कारखान्यात मला जोडले, क्षणभर चालवून पाहिले आणि दुकानात पाठवले. तिथे मी सगळ्यात खालच्या फळीवर होते. वर पेट्रोलवर चालणारी मोठी अवजड यंत्रे होती. ज्याला अंगणातल्या दोन फांद्या कापायच्या असत, तोही वरच बोट दाखवी. एकदा एका गिऱ्हाइकाने मला पायाने बाजूला सारले आणि म्हटले, “हे खेळणं कशाला ठेवलंय?” तिथे माझे वर्ष गेले.

मग एके सकाळी सिस्टर आल्या. चौतीस वर्षे इस्पितळात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणत असे. त्यांच्या हातात गाठी मारलेली एक दोरी होती.

दुकानदाराने वरचे मोठे यंत्र काढले. “मावशी, हे न्या. एकदा घेतलं की बघायला नको.”

सिस्टरांनी ते दोन्ही हातांनी उचलले आणि मनात आकडे मोजले. सातापुढे ते पेलेना. त्यांनी ते खाली ठेवले.

“फांद्या केवढ्या जाड आहेत, हे तुम्ही विचारलंच नाहीत,” त्या म्हणाल्या आणि दोरी पसरली. “एकेक गाठ म्हणजे एकेका फांदीचा घेर. सगळ्यात जाड ही.”

दुकानदाराने दोरी आपल्या दंडाला गुंडाळून पाहिली. मग तो खाली वाकला आणि त्याने मला बाहेर काढले. “एवढ्याला ही पुरेल. पण मावशी, माणूस लावा ना. अर्ध्या तासाचं काम.”

“माणसं झाड आडवं करून जातात. मला नुसत्या फांद्या कापायच्यात.” त्यांनी मला हातात तोलून धरले. “चालू कशी होते ते मागाहून सांगा. बंद कशी होते, ते आधी दाखवा.”

त्यांनी माझ्याबरोबर डोळ्यांसाठी चष्मा, जाड हातमोजे आणि साखळीचे तेल घेतले.

घराच्या मागे दोन पेरू, एक अंजीर आणि भिंतीला लागून एक तुती होती. छाटणी सिस्टरांचा भाऊ करीत असे. तो जाऊन तीन वर्षे झाली होती आणि तेव्हापासून झाडांना कोणी हात लावला नव्हता. मागच्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागे. तुती तर भिंत ओलांडून शेजारच्या टेलरांच्या कारखान्यावर गेली होती. तिची पाने पन्हाळीत अडकत आणि पाणी गिऱ्हाइकांच्या कापडावर गळे. टेलरांनी भिंतीवरून बजावले होते, “सिस्टर, महिनाभर थांबतो. मग माणसं आणून झाडच काढतो.” त्यांचे चुकत नव्हते, हे सिस्टरांना कळत होते. पण ती तुती भावाने लावली होती.

आम्ही कामाला लागलो. सिस्टर आधी फांदीला खालून थोडासा काप देत, मग वरून. त्यामुळे फांदी पडताना साल ओरबाडली जात नसे. शेवटी उरलेला खुंट सफाईने काढीत. पाय जमिनीवर आणि मी खांद्याच्या खाली, हा त्यांचा नियम होता. संध्याकाळी त्या मला वर्तमानपत्रावर ठेवून जुन्या दातांच्या ब्रशने साफ करीत आणि म्हणत, “झालं आजचं.” कित्येक दिवस त्या घरात दिवसभरात तेवढेच एक वाक्य बोलले जाई.

मागच्या खोलीत ऊन आले. टेलर भिंतीवरून म्हणाले, “हात चांगला आहे हो तुमचा.”

एकच फांदी राहिली, टेलरांच्या गच्चीवर गेलेली. त्या दिवशी सिस्टरांनी नियम मोडला. त्या शिडी लावून तिसऱ्या पायरीवर चढल्या आणि मला डोक्यावर धरले. त्यांचे कोपर लटपटत होते, ते मला मुठीतून कळत होते. त्यांनी मला बंद केले. एकेक पायरी उतरल्या आणि शिडीला पाठ टेकून बराच वेळ जमिनीवर बसून राहिल्या. मग मला घेऊन टेलरांच्या दारात गेल्या.

“ती फांदी माझ्या हाताला येत नाही,” त्या म्हणाल्या.

टेलर मला घेऊन आपल्या गच्चीवर गेले. सिस्टर खालून सांगत होत्या, “आधी खालच्या बाजूने. थोडंसंच.” फांदी पडली. झाड वाचले.

रविवारी भाचीचा फोन आला. ती भावाची मुलगी, दुसऱ्या शहरात राहणारी. सिस्टरांनी तिला सगळे सांगितले, शिडीचेसुद्धा. लपवता आले असते, पण इस्पितळात घडले ते घडले तसे सांगायची सवय होती.

पुढच्या रविवारी भाची घरी आली.

“आत्या, तू पडली असतीस तर मला कळवलं तरी कोणी असतं?”

“मी पडले नाही. मी उतरले.”

“चढलीसच का? बाबा गेले. आता माझं तरी दुसरं कोण आहे?”

सिस्टरांनी आपल्या हाताने माझी बॅटरी काढली आणि तिला दिली. भाचीने ती पर्समध्ये टाकली आणि आत्याला घट्ट धरले. ती वाईट नव्हती. ती घाबरली होती.

तेव्हापासून मी मुकी आहे.

दोन वर्षांत फांद्या पुन्हा वाढल्या. टेलरांनी विचारले, “सिस्टर, यंदा छाटणी?” त्या म्हणाल्या, “यंत्र बंद आहे.” टेलरांची नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून त्यांनी माणसे आणली. झाड आडवे करू नका, असे त्यांनी बजावले होते. माणसांनी ऐकले. पण फांद्या वरून एका दमात तोडल्या, आणि खोडापर्यंत सालीच्या पट्ट्या निघाल्या. अर्ध्या तासात ती निघूनही गेली.

दुसऱ्या दिवशी मला कपाटात हातकरवतीचा आवाज आला. थोडा वेळ चाले, थांबे, पुन्हा सुरू होई. सिस्टर फाटलेले खुंट एकेक करून साफ करीत होत्या. तीन दिवस लागले. हात पोचला तेवढे झाले. वरचे तसेच राहिले.

मित्रांनो, एवढेच मागते. यंत्र घेताना आपले काम आणि आपले बळ आधी मोजा. वापरून झाले की पुसा, तेल द्या. आणि काळजीपोटी कोणाच्या हातचे काम काढून घ्याल, तेव्हा त्या माणसाजवळ थोडे बसा. त्याला किती जमते, ते त्यालाच विचारा.

चौथ्या दिवशी सिस्टरांनी माझे खोके उघडले. साखळी काढली, पुसली, तेल लावून पुन्हा बसवली. बॅटरीची जागा रिकामी होती, तिथलीही धूळ टिपली. मग मला मांडीवर धरून त्या हलकेच म्हणाल्या, “तुझ्यात काहीच बिघाड नाही.”