माटोळीच्या पट्टीची दोन बुराकं

मित्रांनो, मी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहानशा कारखान्यातला एक जुना कॉम्प्युटर आहे. लोखंड कापण्याआधी त्या भागाचं चित्र माझ्यावर काढतात. मी त्यावर बारीक त्रिकोणांची जाळी विणतो आणि भार कुठे झेपणार नाही ते लाल रंगात दाखवतो. पूर्वी माझं केवढं कौतुक! आता मालक सगुणशेठ येता-जाता म्हणतात, "ह्या म्हाताऱ्याक चवथ जाली की भंगारात घालया." वाईट वाटतं हो. मी हळू आहे, पण कामचुकार नाही.

चतुर्थी तोंडावर आली होती. आमच्या इंजिनियर गौरवीच्या कारापूरच्या नव्या घराला स्लॅब, त्यामुळे माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधायला वासेच नाहीत. गणपतीवर नारळ, केळी, सुपारीचे घड लटकणार आणि खाली आरतीला सगळं घर उभं राहणार! म्हणून चौकट पेलणारी लोखंडी पट्टी ती माझ्यावर काढत होती. पट्टीला बोल्टसाठी दोन बुराकं, म्हणजे भोकं. माझी एक खोड आहे. भोकात ठिपका देऊन 'इथे रिकामं' असं सांगावं लागतं, नाहीतर मी तेही लोखंड समजून जाळीने भरून टाकतो.

पट्टी बघायला आलेले तिचे बाबा जयराम शेजारी बसले होते. "अगो, ही बुराकां रिकामी कित्याक? माटोळीत रिकामी जागा ठेवूची नाय!"

"बाबा, माटोळी न्हय ही, पट्टी!" गौरवी हसली. तरी त्यांचं मन मोडू नये म्हणून तिने गमतीने ठिपके पुसले आणि भोकं भरून दाखवली. बाबा खूश. तेवढ्यात चहा आला, गप्पा रंगल्या आणि ठिपके परत द्यायचे राहूनच गेले. तिने तशीच चाचणी लावली. कुठेच लाल नाही! "उद्या कापूक दिवया," ती म्हणाली. माझा जीव टांगणीला. मला ओरडायला तोंड कुठे आहे?

सकाळी शेठना दाखवायला तिने चित्र उघडलं. मी रडतखडत एकेक रेघ काढू लागलो.

"बघ, न्हिदलो परत!" मी झोपलोच असं समजून शेठ करवादले.

पण वाट बघता बघता गौरवी ताडकन उठली. एक रेघ सरळ भोकातून चालली होती. "देवा! बुराकां भरलेलीच रवली!" ठिपके देऊन पुन्हा चाचणी लावली, तर भोकांच्या कडा लालभडक. तिने लगेच पट्टी जाड केली.

चवथ सुखरूप पार पडली. शेठ मला भरायला खोका घेऊन आले, त्याच दिवशी जयराम माटोळीतली फळं वाटायला आले. चूक कशी सापडली ते गौरवीने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी एक सुपारी माझ्यापुढे ठेवली आणि हात जोडले. मला भरूनच आलं.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना घाई करू नका. आमच्या हळूपणातही तुमची काळजी असते.

जयरामांनी खोका पायाने बाजूला सारला. "शेट, ह्येका हालवू नकात," ते म्हणाले. "ह्येची जागा रिकामी बरी दिसूची नाय."