म्हाताऱ्याचा मुखवटा

वारज्यात नीरजा गोखल्यांचं मुखवटे आणि बाहुल्यांचं केंद्र होतं. शाळांतली मुलं तिथे यायची, कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायची आणि घरी न बोललेलं त्यांच्याआडून बोलून जायची. मंदीच्या वर्षी हिंजवडीच्या एका कंपनीनं नीरजाताईंना बोलावलं. कर्मचाऱ्यांवर ताण आलाय, त्यांची मनं जरा मोकळी होऊ देत, असं एचआरच्या पूर्णिमाचं म्हणणं होतं.

केंद्रात बाहुल्या घडवणारे यज्ञेश्वर हातातली कानस खाली न ठेवता म्हणाले, "बरं आठवलं कंपनीला, माणसांना तोंड असतं ते."

ताईंना तो टोमणा आवडला नाही. त्या उत्साहानं गेल्या. टेबलावर मुखवटे मांडले आणि मुलांना सांगायच्या तेच इथेही सांगितलं, "मुखवटा चढवला की तुम्ही तुम्ही नसता. मनात येईल ते बोला. इथलं इथेच राहील."

बराच वेळ कुणी उठेना. मग संतोष नावाच्या एका बारीक अंगाच्या मुलानं खोल गेलेल्या गालांचा म्हाताऱ्याचा मुखवटा उचलला. खुर्चीत वाकून बसला, मूठ कानाशी नेली आणि वऱ्हाडी बोलीत फोनवर पोराला विचारू लागला, "नोकरी ठीक आहे ना बाप्पा? अन् आवाज काहून असा येऊन राहिला?" सगळे हसले. मग तो उठला आणि खुर्च्यांमधून फिरू लागला. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणायचा, "सब ठीक ना?" ज्याच्या खांद्यावर हात पडे, त्याला तो हळूच खुर्चीतून उठवी आणि दाराबाहेर नेऊन सोडी. तिसऱ्या माणसाला बाहेर नेलं तेव्हा हसू थांबलं होतं. ही लकब कुणाची, ते सगळ्यांना कळलं होतं. मागे उभ्या असलेल्या मॅनेजर आमोदनंच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर ताई खुशीत होत्या. इतकं जिवंत काम त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात संतोष केंद्राच्या दारात उभा राहिला. "मॅम, मला काढलं," एवढंच म्हणाला. त्याचा आवाज चढला असता तर ताईंना बरं वाटलं असतं.

त्या तडक हिंजवडीला गेल्या. पूर्णिमानं दार लावून घेतलं.

"मॅडम, कॉस्ट कटिंग चालूच होतं."

"पण त्यालाच का?"

"कुणाला तरी काढायचंच होतं."

"त्या दिवशी तो बोलला म्हणून?"

पूर्णिमानं खिडकीबाहेर कंपनीच्या बसेसकडे पाहिलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली, "आणि मी विचारणारही नाही. माझीसुद्धा नोकरीच आहे, मॅडम." ताई उठल्या तशी ती घाईनं म्हणाली, "पुढच्या बॅचचं बघाल ना?"

"नाही," ताई म्हणाल्या आणि निघाल्या. पण त्या नाहीनं संतोषचं काहीच भागणार नव्हतं.

मग एका रविवारी संतोष वडलांना घेऊन आला. नागोराव यवतमाळहून पोराचं ऑफिस बघायला आले होते. ऑफिस कुठलं दाखवणार, म्हणून त्यानं त्यांना इथे आणलं होतं. नागोरावांनी भिंतीवरचे मुखवटे कौतुकानं पाहिले. "हेबी कंपनीचंच काम हाय का?" त्यांनी विचारलं. संतोषनं ताईंकडे पाहिलं. हो म्हणा, असं ती नजर सांगत होती.

ताईंना हो म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही जीभ उचलेना. त्या गप्पपणातच नागोरावांना काहीतरी उमगलं. "काय झालं?" त्यांनी पोराला विचारलं. मग खाली मान घालून संतोषनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचा मुखवटा घालून आपण कुणाचा आवाज काढला, तेही सांगितलं.

नागोराव स्टुलावर बसले. पोरावर रागावले नाहीत. ताईंकडे वळून म्हणाले, "बाई, मी दर आठवड्याले फोन करतो. मले हा एका शब्दानं बोलला नाई. तुमच्याइथंच काहून बोलला?"

ताईंकडे उत्तर होतं. अशी कितीतरी उत्तरं त्या पालकांना आत्मविश्वासानं देत असत. पण त्या माणसापुढे त्यांना एकही देववेना. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. नागोरावांनी मान हलवली, पण ती कशासाठी ते कळलं नाही. यज्ञेश्वरांनी आणलेला चहा कुणी घेतला नाही. थोड्या वेळानं बाप-लेक उठले आणि रस्त्यापलीकडे रिक्षा बघू लागले. वडलांची पिशवी संतोषनं मागून घेतली. ते काहीतरी बोलत होते, पण रहदारीत ऐकू येत नव्हतं.

कंपन्यांची कामं ताईंनी नंतर घेतली नाहीत. वर्षभरानं कळलं, संतोषला हडपसरला नोकरी लागली होती. त्यांनी फोन करून त्याला केंद्राच्या नव्या प्रयोगाला बोलावलं. तो अदबीनं बोलला. नक्की येतो म्हणाला. पहिल्या रांगेतली एक खुर्ची ताईंनी राखून ठेवली. प्रयोग संपेपर्यंत ती रिकामीच होती.