न विटणारा गुलाबी

उमाकांतरावांनी सातवा कागद टरकावला आणि स्वयंपाकघरातून सुलभाबाईंनी विचारलं, "गेला का हाही?"

प्रश्न साधाच, पण उमाकांतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. रविवारी लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि बंगळूरला राजाजीनगरच्या घरात, सोफ्याच्या वर, त्यांना बायकोसाठी आपल्या हातचं चित्र लावायचंच होतं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या चित्रानं त्यांचं नाक कापलं होतं. पन्नीर गुलाब, म्हणजे तिकडचे घमघमणारे गुलाबी गुलाब, हा सुलभाबाईंचा जीव की प्राण, आणि चित्रातले तेच गुलाब उन्हानं असे विटले की पाहुणे विचारत, "मोगरा का हो?"

म्हणून यंदा जलरंग पारखूनच घेतले होते. जन्मभर सरकारी कारखान्यात धातूंच्या चाचण्या घेतलेला माणूस, तो ट्यूबवरच्या छापील शब्दावर थोडाच विसंबणार? आठ महिने पश्चिमेच्या खिडकीत रंगांच्या पट्ट्या लावल्या, निम्म्या झाकलेल्या, निम्म्या उघड्या. जो उडाला तो बाद.

उरलेले रंग टिकत होते, पण तेवढंच. लोटा, दोन मोसंबी आणि गुलाब. जवळून नुसते ओले डाग दिसावेत आणि चार पावलं मागे सरलं की उजेड दिसावा, एवढीच त्यांची इच्छा. इथं जवळून काय, लांबून काय, चित्र मेलेलंच. गुलाब तर तापातून उठल्यासारखे. त्यात खरी फुलं दुपार झाली की माना टाकत, म्हणजे रोज नवी आणा.

आठव्या कागदावर त्यांचा तोल सुटला. टाकवत नाही म्हणून खणात पडलेली बाद गुलाबी ट्यूब त्यांनी काढली आणि रागारागानं ओल्यावरच चार फटकारे मारले. गुलाब उमलले की हो. लोट्यावरही झाक उतरली. उमाकांतराव कपाळाला हात लावून बसले.

सुलभाबाई हात पुसत बाहेर आल्या. "स्वल्प, जरा बाजूला व्हा," इथल्या कानडी सवयीनं म्हणाल्या, आणि बराच वेळ बघत राहिल्या. "हेच लावायचं."

"अगं, कच्चा रंग आहे तो. उडणार."

"किती दिवसांत?"

"सावलीत ठेवलं तर सात-आठ वर्षं. फार तर दहा."

"तुम्हाला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय," सुलभाबाई म्हणाल्या. "पुरेल की आपल्याला."

आठ महिने रंगांचं आयुष्य मोजत बसलेल्या माणसाला हे एकदाही सुचलं नव्हतं.