भिंत ओळंब्यात आहे

"असा पालथा पडून कुणाचा फोटो काढतोयस रे?"

गवतातून मान वर केली तर समोर एक म्हातारा. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी.

"दवाखान्याचा," मी म्हणालो. "पाडायचाय. अहवालाला फोटो लागतात."

गावाबाहेरचा तो दवाखाना नऊ वर्षं बंद होता. माझा धंदा खरं तर ओळखपत्रांच्या फोटोंचा. पण बांधकाम खात्याच्या साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, "इमारत धोकादायक दिसली पाहिजे." त्यात काय अवघड? जमिनीलगत झोपायचं, रुंद भिंग लावायचं आणि कॅमेरा वर रोखायचा. धडधाकट भिंती झिंगल्यासारख्या कलतात. ऊन उतरल्यावर काढलं की गिलाव्यावरचा साधा ओरखडाही भेगेसारखा दिसतो. फुटकी खिडकी घ्यायची, शाबूत चार सोडून द्यायच्या. लग्नाळू मुलांचे फोटो काढताना हीच लबाडी मी उलट्या बाजूने करतो.

"अहवालात काय लिहिणार?"

"निकृष्ट बांधकाम, पडायला आलंय, असंच काहीतरी. मी काय आजोबा, नुसता फोटोवाला."

"दाखव."

त्याने कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

"ही भिंत वाकलीय?"

"फोटोत तशी दिसते."

"मी बांधलीय ती."

त्याने खिशातून ओळंबा काढला. गवंड्याचं साधं हत्यार, दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंतीत वर एक जुना खिळा होता. काठीच्या टोकाने त्याने दोरीचा फास त्यावर अडकवला आणि वजन स्थिर होईपर्यंत थांबला.

"आता काढ."

मी पुन्हा गवतात झोपून काढला. पडद्यावर भिंत कललेली होती, पण तिच्याबरोबर दोरीही तेवढीच कललेली! शेंबड्या पोरालाही लबाडी कळली असती.

"दोरी कधी तिरकी लोंबते का? पाठव हाच साहेबाला."

"आजोबा, इमारत तरीही पाडणारच ते."

"पाडू दे की! गरज संपली म्हणा आणि पाडा, मी कुठं आडवा येतोय? पण पडायला आली म्हणायचं नाही. रोज दोन वेळा पाणी मारलंय माझ्या बायकोनं या भिंतींवर, पोटुशी असताना. आमची मुलगी इथंच झाली. ही भिंत निकृष्ट?"

मला लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, आणि त्या दिवशी तो साहेबांचा आला. मी कपडे झटकून उठलो, कॅमेरा छातीशी सरळ धरला आणि चारही भिंती काढल्या, प्रत्येकीवर दोरी टांगून. शेवटी म्हाताऱ्याने ती पुन्हा दर्शनी भिंतीवर लावली आणि तिथेच राहू दिली.

साहेब भडकले. "ही दोरी कसली मध्येच? परत काढून आणा."

"मला एवढंच जमतं."

"मग दुसरा बघतो."

"बघा. दोरी तिथंच आहे, आणि म्हातारा रोज खुर्ची टाकून बसतोय."

दुसरा कुणी गेला नाही. अहवालात छापून आलं, 'इमारत वापरात नसल्यामुळे पाडण्यात यावी.' मी म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. त्याने तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

बुलडोझरवाला आला तो 'दुपारपर्यंत उरकतो' म्हणत. दुपारी एक कोपरा पडला होता. तिसऱ्या दिवशी फक्त दर्शनी भिंत उरली. म्हातारा तिन्ही दिवस धुळीत बसून होता, इस्त्रीच्या शर्टात.

बुलडोझरवाला खाली उतरला आणि घाम पुसत ओरडला, "कुणी बांधलंय हे? हाडं खिळखिळी झाली माझी!"

म्हातारा उठला. "मी," म्हणाला.

मग भिंतीजवळ गेला, काठीने दोरी खिळ्यावरून सोडवली, वजनाभोवती नीट गुंडाळली आणि ओळंबा खिशात टाकला.

"आता पाड."