कुटुंबप्रमुखाची सही

विश्वासरावांच्या एका वाक्यामुळे प्रभाची पेन्शन बंद पडली, आणि ते वाक्य त्यांनी अगदी प्रेमाने उच्चारलं होतं.

झालं असं की, मागच्या वर्षी अपंग पेन्शनच्या पडताळणीसाठी एक माणूस दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरवर आला. आता घरी आला म्हणजे तो पाहुणा, मग हातात सरकारी कागद का असेनात. अहिल्यावहिनींनी त्याच्यापुढे खोबरं-कोथिंबीर पेरलेले पोहे ठेवले आणि विश्वासरावांना चेव चढला. घरातलं उत्पन्न किती, असं त्याने विचारल्यावर त्यांनी आपला सेक्शन ऑफिसरचा पगार भत्त्यांसकट सांगितला आणि वर म्हणाले, "हमारी बहन को किसी चीज़ की कमी नहीं है." त्या माणसाने पुन्हा थोडे पोहे घेतले आणि प्रभाच्या रकान्यात तो सगळा पगार लिहून टाकला. तीन महिन्यांनी पेन्शन थांबली.

कमी खरंच कशाची नव्हती. लहानपणी पोलिओने प्रभाचा डावा पाय गेला. आईवडील गेल्यावर दादाने तिला नागपूरहून दिल्लीला आणलं, त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तिला कुणी तोडून बोललं नव्हतं. शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून चार पैसे मिळायचे, पण आता डोळे साथ देईनात. पेन्शनची रक्कम मोठी नव्हती, पण ती तिच्या नावाने यायची. भाचीला, तनयाला, वाढदिवसाला काही घ्यायचं तर कुणाला विचारावं लागत नसे. आता रिक्षाच्या भाड्यालाही वहिनींकडे मागावं लागे. वहिनी लगेच देत, हसून देत, आणि नेमकं तेच प्रभाला सोसवत नसे. चौपन्नाव्या वर्षी हात पसरायची तिला लाज वाटे आणि दादाचा रागही येई.

अशात नियम बदलले. तनयाने तिच्या गुडगावच्या ऑफिसातून परिपत्रक छापून आणलं आणि आत्याच्या हातात दिलं. आत्याने ते चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं. वृद्ध किंवा अपंग अर्जदाराचं उत्पन्न म्हणजे त्याचं स्वतःचं आणि जोडीदाराचं. भावाबहिणीच्या घरचं राहणं-जेवणं त्यात धरायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. प्रभाला नवरा नव्हता, जमीन नव्हती, दुसरी मिळकत नव्हती. तिच्याएवढं नियमात चपखल बसणारं माणूस अख्ख्या दिल्लीत शोधून सापडलं नसतं.

विश्वासरावांनी रजा टाकली आणि तिला पेन्शनच्या कार्यालयात नेलं. आपल्यामुळे झालेला घोळ आपणच निस्तरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. खिडकीतल्या बाबूने एक फॉर्म सरकवला आणि खालच्या चौकटीत कुटुंबप्रमुखाची सही हवी म्हणून सांगितलं. विश्वासरावांनी ऐटीत पेन काढलं आणि चौकट वाचली. अर्जदार माझ्या कुटुंबाची सदस्य नाही, असं त्यात छापलेलं होतं.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मागची रांग चुळबुळ करू लागली. शेवटी त्यांनी पेन खिशाला लावलं.

"प्रभा, हे मला जमणार नाही," ते म्हणाले. "वाटलं तर नोकरीचा राजीनामा लिहून देतो."

 दादाने सही केली नाही म्हणून परतीच्या वाटेवर प्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ती केली असती तर याहून जास्त आलं असतं, हेही तिला कळत होतं. माणसाने रागवावं तरी कुणावर, असा तो सगळा प्रकार होता. दोन दिवस विश्वासराव नीट जेवलेसुद्धा नाहीत.

तिसऱ्या दिवशी प्रभाने परिपत्रक पुन्हा हातात घेतलं. पहिल्या पानावरच आनंद झाल्यामुळे शेवटचं पान तिने तेव्हा वरवर चाळलं होतं. तिथे, अगदी तळाशी, जुने फॉर्म रद्द केल्याचं लिहिलं होतं. यापुढे अर्जदाराचं स्वतःचं घोषणापत्र पुरेसं, इतर कुणाच्याही सहीची गरज नाही.

दादा ऑफिसला गेल्यावर तिने पायाला आधाराचं कॅलिपर बांधलं, कुबडी घेतली आणि ऑटो थांबवली. सव्वीस वर्षांत सरकारी कामाला ती पहिल्यांदाच एकटी निघाली होती.

बाबू तोच होता आणि फॉर्मही तोच. तिने परिपत्रक पुढे केलं. त्याने ते न वाचताच परत केलं आणि इथे असंच चालतं, भाईसाहबला घेऊन या, म्हणाला. आता दुसरं कुणी असतं तर निमूट घरी गेलं असतं. पण प्रभा सव्वीस वर्षं रोज रात्रीच्या जेवणाला एका सेक्शन ऑफिसरच्या शेजारी बसत आली होती. कोणती फाईल कुठे अडली, कुणी कुणाला कसं कोंडीत पकडलं, हे तिने आमटीभाताबरोबर पचवलं होतं. बाबू लोक कशाला भितात, ते तिला पुरेपूर ठाऊक होतं.

"ठीक है," ती शांतपणे म्हणाली. "आप किस पैरा के हिसाब से मना कर रहे हैं, मेरी अर्ज़ी पर लिख दीजिए. नाम और तारीख के साथ."

बाबूचा हात थबकला. मागे उभ्या असलेल्या एका सरदारजी आजोबांनी परिपत्रक मागून घेतलं आणि रांगेला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचाही अर्ज मुलाच्या पगारापायी परत आला होता. आणखी एकीला दिराची सही आणायला पाठवलं होतं. बघता बघता खिडकीशी नऊ जण जमले आणि नऊही जण लेखी मागू लागले. गलका ऐकून आतून साहेब आले. त्यांनी शेवटचं पान वाचलं, बाबूकडे पाहिलं आणि जुन्या फॉर्मचा गठ्ठा उचलायला लावला.

कोऱ्या कागदावर प्रभाने चार ओळींचं घोषणापत्र लिहिलं आणि खाली सही केली, जरा मोठीच. अर्जाच्या नोंदीचा डायरी नंबर घेतल्याशिवाय ती खिडकीसमोरून हलली नाही. सरदारजींनी तिला नमस्कार केला. तिला इतका आनंद झाला होता की दुखरा पाय दिवसभर दुखायचाच विसरला.

त्या संध्याकाळी विश्वासरावांनी तिच्याकडून सगळी हकिगत दोनदा ऐकली. त्यांचा चेहरा उजळला, आणि "लेखी मागितलंस?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

सातव्या आठवड्यात थकलेल्या रकमेसह पेन्शन जमा झाली. प्रभाने वहिनींना सांगितलं, या महिन्याचा गॅस माझा. विश्वासराव पेपरच्या आड काहीतरी पुटपुटले. बहिणीच्या पैशाने चूल पेटावी, हे त्या माणसाने आजवर कधी खपवून घेतलं नव्हतं.

रविवारी सिलेंडरवाला आला. समोरच्या मल्होत्राबाई दारातच उभ्या होत्या. अहिल्यावहिनी सवयीने पर्स आणायला वळल्या, पण विश्वासरावांनी त्यांना हातानेच थांबवलं. मग ते सिलेंडरवाल्याला, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रुको भैया. पैसे मेरी बहन देगी."