गळ्यापर्यंत विणलेला पुढारी

गालिचा खालून वर विणत जातात. त्यामुळे एकोणीसशे सदतीस साली सोव्हिएत दागिस्तानातल्या एका डोंगरगावात मॉस्कोच्या पुढाऱ्याचं चित्र विणायचा हुकूम आला, तेव्हा मागावर आधी त्याचे बूट उगवले, मग कोटाची बटणं, मग कॉलर. आणि नेमकी कॉलरीपाशी सुना नावाची म्हातारी विणकरीण मेली.

त्याच मागावर तिची बैठक मिस्लिमत नावाच्या विणकरणीच्या शेजारची. विणकरीण गेली की दुखवटा संपेपर्यंत तिच्या मागाला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत. तबसरान, लेझगी, अझरी अशा तीन जमातींच्या बायका एरवी तीन भाषांत भांडायच्या. या बाबतीत मात्र एकमत. माग तसाच उभा राहिला. वर नुसता उभ्या दोऱ्यांचा पांढरा ताणा, खाली मुंडकं नसलेला पुढारी.

विणकर संघाचा अध्यक्ष कुर्बान, म्हणजे मिस्लिमतचा नवरा, धापा टाकत आला. "शहरातली तपासणीची माणसं पुलापर्यंत आलीत! मुंडकं कुठंय विचारलं तर काय सांगू? सुनाआजी घेऊन गेली?"

"अहो, वरचं अजून विणायचंय म्हणावं," मिस्लिमत म्हणाली.

"शेजारच्या गावात पुढाऱ्याच्या फोटोवर शाई सांडली म्हणून माणूस नेला त्यांनी. काप तो गालिचा. लोकरीखाली दडपू, लोकरच आली नाही, काम सुरूच नाही म्हणू."

"अर्धा गालिचा कापायचा? तोही दुखवट्यात? घर बुडतं हो अशानं."

"नाही कापलास तर अख्खं गाव बुडेल."

बायकांनी भिंतीकडे तोंडं फिरवली. मिस्लिमतला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. ती बाकावर चढली आणि कॉलरीच्या वर, बरोब्बर गळ्याशी, सुरी लावली. ताण्याचे दोरे तटातट तुटू लागले.

अर्धे तुटले तोच दार उघडलं. शहरातले दोघं होते. थोरल्याने टोपी काढली, न विचारता आलो म्हणून बायकांची माफी मागितली. मग त्या लोंबणाऱ्या धडाकडे बराच वेळ बघत राहिला. मेल्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"ही सुरी कुणाची?"

"माझी," कुर्बान म्हणाला. जन्मात त्याने गालिच्याची एक गाठ मारली नव्हती. त्याने तिच्या हातातून सुरी काढून घेतली. "कापायचं मीच ठरवलं. बायको नको म्हणत होती, मी दटावून वर चढवली."

थोरला मिस्लिमतकडे वळला. "खरं का, ताई?"

कुर्बान तिच्याकडे बघत होता. एवढ्या अजिजीने त्याने तिच्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"खरं," मिस्लिमत म्हणाली.